सूर्याकडे पाठ करून

महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या वाट्याला समुद्र आला तो पश्चिमेचा. त्यामुळे समुद्रातला सूर्यास्त मराठी माणसाच्या घरचा आहे. जुहू, गणपतीपुळे, तारकर्ली, मिरामार, संध्याकाळी कुठेही उभं राहिलं की तो मिळतो. पाण्यातून वर येणारा सूर्य पाहायचा तर मात्र प्रवास करावा लागतो. पुरी, कोणार्कजवळची चंद्रभागा, महाबलीपुरम, रामेश्वरम आणि सगळ्यांच्या आधी कन्याकुमारी. दक्षिण भारताच्या सहलीत कन्याकुमारीचा मुक्काम ठरलेला असतो आणि त्या मुक्कामातली पहाटही ठरलेली: उठा, सूर्योदय पाहा, खोलीवर येऊन नाश्ता करा, मग बोटीनं विवेकानंद स्मारक. सूर्योदय असा कार्यक्रमात जाऊन बसला की तो उरकल्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे फोटो. तो काढावा की काढू नये यावर घरोघरी होणारा वाद इथे दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. एक काका, निवृत्त, सहलीला फोन नेतात तो घरी खुशाली कळवण्यापुरता. दुसरी त्यांची पुतणी, तिच्या पाठपिशवीत ट्रायपॉड असतो. दोघंही कल्पनेतली आहेत. मुद्दे कल्पनेतले नाहीत, आणि माझा कल कुठे आहे हेही मी लपवणार नाही.

काका : अगं, कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर पहाटे मागच्या रांगेत उभी राहून बघ. समुद्र दिसतच नाही. वर केलेले हात दिसतात आणि प्रत्येक हातात एक उजळलेला पडदा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, आणि विषुववृत्ताजवळ तो जवळजवळ सरळ वर चढतो. म्हणजे वरचा काठ दिसल्यापासून खालचा काठ पाण्यातून सुटेपर्यंत जेमतेम दोन मिनिटं. दीड हजार किलोमीटर यायचं आणि ती दोन मिनिटं तळहाताएवढ्या काचेत बघायची, हे मला उमगत नाही. याला म्हाताऱ्याची कुरकुर समजू नकोस. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी काही विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवले. २०१४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कॅमेरा लक्षात ठेवणार आहे म्हटल्यावर मन अंग काढून घेतं. गाभाऱ्यासमोर फोन बंद करायला सांगितलं तर आपण निमूट बंद करतो. मग कुमारी अम्मनच्या देवळाशेजारी उगवणाऱ्या सूर्यासमोर तो बंद ठेवला तर काय बिघडतं?

पुतणी : काका, हेंकेलबाईंचा निबंध तुम्ही अर्धाच सांगितलात. त्यात दुसरा प्रयोगही आहे. काही जणांना वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो काढायला लावलं, तेव्हा त्यांची आठवण कमी झाली नाही. ज्या भागावर झूम केलं नव्हतं तोही त्यांना तितकाच आठवला. म्हणजे फोटो काढल्यानं आठवण पुसते असं सरसकट म्हणता येत नाही. न बघता काढला तर पुसते. पुढे २०१७ साली बराश, डील, सिल्व्हरमन आणि झॉबरमन या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या मर्जीनं फोटो काढत संग्रहालयात हिंडलेल्या लोकांना डोळ्यांनी पाहिलेलं अधिक ओळखता आलं. कानांनी ऐकलेलं मात्र कमी आठवलं. आणि गंमत बघा, ज्यांना कॅमेरा न देता नुसते मनातल्या मनात फोटो काढायला सांगितलं, त्यांच्यातही असंच दिसलं. याच मंडळींतल्या तिघांनी २०१६ साली बसमधून शहर बघणाऱ्यांवर वगैरे प्रयोग केले होते. फोटो काढणाऱ्यांना फेरफटका जास्त आवडला, कारण ते त्यात जास्त गुंतले. कानांचं नुकसान होतं हे मी कबूल करते. लाटांचा आवाज, देवळातली घंटा, चहावाल्याची हाळी, फोटो काढताना यातलं बरंच निसटतं.

हे प्रयोग संग्रहालयांत, शहरातल्या बसमध्ये वगैरे झाले, वाळूवर झाले नाहीत, हे विसरून चालणार नाही. काचेच्या पेटीतली मूर्ती आपल्यासाठी थांबून असते. उगवता सूर्य थांबत नाही. तरीही एक धागा हाती लागतो तो असा: प्रश्न उपकरणाचा कमी आणि निवडीचा अधिक आहे. चौकटीत काय घ्यायचं, काय सोडायचं, कधी बटण दाबायचं हे ठरवणारा माणूस बघतच असतो. काकांना ज्यांचा राग येतो ते हात वर करून उभे असलेले लोक काहीच ठरवत नसतात. त्यांच्यासाठी चौकट आधीच ठरलेली आहे: मध्यभागी बिंब, खाली पाणी. मला तक्रार करायचीच असेल तर ती या ठरलेल्या चौकटीबद्दल करीन. पण काकांचा दुसरा आक्षेप अजून यायचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे.

काका : बरं, बघून काढलास फोटो. हाती काय आलं? डोळ्यांना एवढा थोरला, तांबडा गोळा दिसला होता. फोटोत पिवळट पांढरा ठिपका. आकाशात गुलाबी, जांभळं, राखाडी सगळं होतं, ते फोटोत भलतंच. काही फोनांत तर इतकं भडक की शोभेच्या कॅलेंडरावर छापावं. समोर होतं ते आलं नाही, नव्हतं ते आलं. खोट्या आठवणीपेक्षा आठवण नसलेली परवडली.

पुतणी : ठिपक्याचा हिशेब सोपा आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या भिंगाइतकं रुंद दृश्य घेतो. अर्ध्या अंशाचं बिंब त्या चौकटीच्या रुंदीचा जेमतेम दीडशेवा भाग व्यापतं. ४०० मिलिमीटरचं भिंग लावलं तर तेच बिंब रुंदीच्या दहाव्या भागाएवढं होतं. आता तुमचा थोरला गोळा. क्षितिजावरचा सूर्य माथ्यावरच्या सूर्यापेक्षा मोठा नसतो, चंद्राचंही तेच. आपल्या मेंदूला तो मोठा भासतो. म्हणजे इथे कॅमेरा खरं सांगतोय आणि आपण त्यालाच खोटारडा म्हणतोय! अजून पुढचं सांगू? हवेतून येताना क्षितिजालगतचे किरण वाकतात, सुमारे ३४ कलांनी. बिंब सुमारे ३२ कलांचं. बिंबाचा खालचा काठ पाण्याला टेकलेला दिसतो, त्या क्षणी खरं तर अख्खा सूर्य क्षितिजाखाली असतो. तुम्ही उघड्या डोळ्यांनी ज्याचं दर्शन घेता तीसुद्धा हवेनं वर उचलून दाखवलेली प्रतिमा आहे.

काका : म्हणजे सगळंच माया. मग फोटो आणि डोळा दोन्ही सारखेच खोटे, एवढंच सिद्ध झालं.

काकांचा टोला योग्य जागी बसला. डोळा चुकतो म्हणून कॅमेऱ्याची चूक माफ होत नाही. पण दोघांच्या चुकांची जात वेगळी आहे, आणि कॅमेऱ्याच्या चुका माहीत असल्या तर त्या बऱ्याच सुधारता येतात. भडक उजेडाचं आकाश आणि काळोखी वाळू एकाच वेळी टिपणं कॅमेऱ्याला जड जातं. डोळा इकडून तिकडे फिरताना स्वतःला जुळवून घेत असतो, कॅमेऱ्याचा एक झटका एकाच मापाचा असतो. ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्राची छायाचित्रं घेणाऱ्या गुस्ताव ल ग्रे यांच्यापुढे ती होतीच. त्या काळच्या काचपट्ट्या निळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद देत, समुद्र नीट येईपर्यंत आकाश कोरं पांढरं होऊन जाई. त्यांनी काही चित्रांत आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन काचा जोडून एक छाप काढला. आजचा फोन एका बटणासरशी कमीअधिक उजेडाचे अनेक फोटो घेऊन ते एकत्र विणतो. युक्ती त्याच कुळातली. फरक असा की ल ग्रे कुठली काच कुठे जोडायची हे स्वतः ठरवत, फोन आपल्याला न विचारता ठरवतो. रंगांचंही तसंच. पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून फोन तांबूसपणा परस्पर कमी करतो, आणि मग चित्र फिकं पडलं म्हणून वरून भडकपणा चढवतो. यावर उपाय अवघड नाही. रंगाचं सेटिंग दिवसाच्या उन्हावर बांधून ठेवावं. पडद्यावर बिंबाशेजारच्या आकाशाला बोट लावून उजेड एक पायरी खाली ओढावा. पाणी काळोखं आलं तर येऊ द्यावं, त्या वेळी ते काळोखंच असतं. लांब भिंगाच्या कॅमेऱ्यातून, विशेषतः डोळा लावून बघायच्या काचेतून, वर आलेल्या सूर्याकडे रोखून बघू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आता माझं म्हणणं. काका आणि पुतणी दोघंही बिंबावर अडून बसले आहेत. एकाला ते डोळ्यांनी हवं, दुसरीला चौकटीत. माझ्या मते पहाटेतली सर्वांत गरीब गोष्ट ते बिंब आहे. ते सगळीकडे सारखं असतं. कन्याकुमारीचं बिंब आणि पुरीचं बिंब शेजारी ठेवली तर कुठलं कुठलं हे कुणी सांगू शकणार नाही. जागेची ओळख असते ती उजेडात: तो कशावर पडतो, किती तिरका येतो, कुठल्या रंगांतून जातो. आणि हा उजेड बिंबाच्या कितीतरी आधी सुरू होतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की आकाशाचा काळोख पातळ होऊ लागतो, १२ अंशांवर समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ उमटते, ६ अंशांवर झुंजुमुंजू होतं आणि माणसांचे चेहरे ओळखू येतात. तिथपासून बिंब दिसेपर्यंत कन्याकुमारीच्या अक्षांशावर वीस-बावीस मिनिटं मिळतात. इंग्लंडात जूनमध्ये हाच काळ पाऊण तासाच्या घरात जातो. आपल्याकडची पहाट घाईची आहे, म्हणून ती अधिकच सांभाळून बघायला हवी. आणि ती कोण बघतं? गर्दी बिंबाच्या वेळेला येते, बिंब सुटं झालं की चहाकडे वळते. तास-दीड तास आधी येऊन वाळूत पाय रोवून उभा असतो तो नीट फोटो काढायला आलेला माणूस. मासेमार आणि देवळातले पुजारीही त्याच्याआधी उठलेले असतात, पण प्रवाशांपुरतं बोलायचं तर सबंध पहाट त्यालाच मिळते.

शिवाय पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या सगळ्या गर्दीच्या पाठीमागे दुसरं एक दृश्य चाललेलं असतं. हवा स्वच्छ असेल तर सूर्योदयाआधी पश्चिमेच्या क्षितिजावर निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. इकडे सूर्य जसजसा वर येतो तसतशी तिकडे ती सावली खाली जाते आणि सूर्य उगवताना क्षितिजात बुडते. बिंबाकडे पाहून डोळे दिपतात. इथे डोळे आणि कॅमेरा दोघांनाही त्रास नाही. सगळं एकाच मापाच्या मऊ उजेडात असल्यामुळे साधा फोनही हे रंग जवळपास जसेच्या तसे टिपतो. सूर्योदयाचा फोटो सूर्याकडे पाठ करून काढावा असं मी म्हणतो ते विक्षिप्तपणा म्हणून नव्हे. त्या वेळी जे बदलत असतं त्यातलं बरंचसं त्या बाजूला असतं.

काका : हे मला पटतंय, आणि पटतंय म्हणूनच विचारतो. पाठच करायची तर कन्याकुमारीला कशाला जायचं? मालवणला जाऊ. तिथे समुद्र पश्चिमेलाच आहे.

खरं तर यातच पुतणीची बाजू जिंकते, पण तिला हवी होती तशी नाही. कोकणात सूर्योदय दिसत नाही म्हणून पहाटे कुणी किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन जात नाही, आणि तिथली पहाट फोटोसाठी संध्याकाळपेक्षा उजवी असते. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग पाहा. संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे असतो, तट म्हणजे नुसती काळी आकृती. सकाळी तेच ऊन समोरून तटावर पडतं आणि १६६४ साली ज्याचं काम सुरू झालं त्या तटाचे दगड मोजावेत इतके स्पष्ट होतात. किनाऱ्यामागे डोंगर किंवा सडा असला की आणखी एक गोष्ट घडते. आधी दूरचं पाणी उजळतं, किनारा सावलीतच राहतो, आणि उजेडाची कड हळूहळू आत सरकत पुळणीपर्यंत येते. त्या सावलीत रापण ओढणारी माणसं दोन रांगांत दोराला लागलेली असतात आणि त्यांच्या पलीकडचं पाणी चमकत असतं. कन्याकुमारीला जाण्याचं कारण यानं रद्द होत नाही, बदलतं. तिथे भूमीच्या टोकावर उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंना पाणी आहे. समोर खडकावर एकनाथ रानडे यांच्या खटपटीतून १९७० साली उभं राहिलेलं विवेकानंद स्मारक आहे, शेजारी १३३ फुटांचा तिरुवल्लुवर यांचा पुतळा. सूर्य उगवण्याची जागा तिथे वर्षभरात क्षितिजावर सुमारे ४७ अंश सरकते. त्यामुळे तो स्मारकामागून यावा असं वाटत असेल तर मार्चमध्ये जिथे उभं राहायचं तिथे डिसेंबरमध्ये उभं राहून भागत नाही. हे शोधायला आदल्या संध्याकाळी किनारा पायाखाली घालावा लागतो. सहलीच्या कार्यक्रमात यासाठी वेळ ठेवलेला नसतो, ही माझी खरी तक्रार आहे.

काका : आता माझा शेवटचा आक्षेप, आणि याला तुझ्या अंशांचं उत्तर नको. तू सूर्याकडे पाठ केलीस की तुझ्यासमोर माणसं येतात. संगमावर ओल्या वस्त्रांत बाहेर येणाऱ्या बायका, पितरांना पाणी सोडणारे लोक, जाळं ओढून दमलेले कोळी. सूर्याचा फोटो काढलास तर त्याचं काही जात नाही. या लोकांचं जातं.

पुतणी : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आंघोळ आणि श्राद्धविधी यांच्याकडे मी कॅमेरा वळवणार नाही, उजेड कितीही चांगला असो. कामावरच्या माणसांना विचारायचं, आणि विचारायचं ते फोटो काढण्याआधी. ओढ संपेपर्यंत थांबायचं, कारण दोराला हात असलेला माणूस हो-नाही काय सांगणार? कधी नाही म्हणतील. कधी पैसे मागतील, आणि मग द्यायचे की नाही हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही. विचारलं की तो नैसर्गिक क्षण निघून जातो असं छायाचित्रकार म्हणतात. जाऊ दे.

ते सोपं नाही. पाठमोरी, चेहरा न दिसणारी, उजेडासमोर काळी झालेली आकृती घ्यायला हरकत नाही असा एक सोयीस्कर तोडगा नेहमी पुढे येतो. मला तो अपुरा वाटतो. चेहरा झाकला तरी माणूस देखाव्याचा भाग केल्याची गोष्ट उरतेच. तरी काकांच्या आक्षेपाचा कल बघण्यासारखा आहे. पहिल्यांदा त्यांना वाटत होतं की कॅमेरा माणसाला समोरच्या गोष्टीपासून तोडतो. आता त्यांना भीती आहे ती कॅमेरा फार जवळ नेईल याची. बिंबाच्या फोटोपुढे हा प्रश्न कधी उभाच राहिला नसता. राहता राहिला आवाज. त्यावर संशोधकांचं म्हणणं आणि काकांचं म्हणणं जुळतं, आणि पुतणीनंही ते आधीच कबूल केलं आहे.

काका : मग एक तोड काढू. ती वीस-बावीस मिनिटं तुझी. पूर्व, पश्चिम, कुठेही तोंड कर, हवे तेवढे फोटो काढ. बिंब वर येताना मात्र दोन मिनिटं फोन खिशात. तेवढा वेळ कान उघडे.

पुतणी : कबूल. बिंबाचा फोटो तसाही मला नको आहे. पण वेळ तुम्ही सांगायची, आणि घरच्या कॅलेंडरातली मुंबईची वेळ सांगू नका. जानेवारीत कन्याकुमारीला सूर्य मुंबईपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त आधी उगवतो.

काका : आणि क्षितिजावर ढगांची भिंत असली तर? तिथे असते पुष्कळदा. बिंब दिसणारच नाही.

पुतणी : मग माझी मिनिटं संपली कधी आणि तुमची सुरू झाली कधी, हे तुम्हीच ठरवा.